नोंद खरी, पण सौदा खरा का? डिजिटल संग्राह्य वस्तूंच्या बाजाराचे मोजमाप

२८ ऑक्टोबर २०२१ रोजी इथेरियम या ब्लॉकचेनवर एका चित्राच्या विक्रीची नोंद झाली. चित्र ‘क्रिप्टोपंक्स’ या संग्रहातील ९९९८ क्रमांकाचे, आकार अवघा २४ गुणिले २४ ठिपक्यांचा. किंमत मात्र १,२४,४५७ इथर, म्हणजे त्या दिवशीच्या दराने सुमारे ५३ कोटी डॉलर. त्याच वर्षी मार्च महिन्यात ख्रिस्टीज या लिलावगृहात बीपल या कलावंताची डिजिटल कलाकृती ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकली गेली होती. मूळचे तमिळनाडूचे विघ्नेश सुंदरेसन यांनी केलेल्या त्या खरेदीने जगाचे डोळे विस्फारले होते. हा नवा आकडा त्याच्या सातपटीहून मोठा होता.

काही तासांतच उलगडा झाला. चित्राच्या मालकाने ते आधी दुसऱ्या एका पत्त्यावर हलवले. मग ‘फ्लॅश लोन’ घेण्यात आले. घेणे आणि फेडणे एकाच व्यवहारात उरकावे लागते, असे हे क्षणिक कर्ज असते. त्या कर्जाच्या रकमेतून चित्र विकत घेतले गेले, विक्रेत्याच्या पत्त्यावर आलेली रक्कम त्याच क्षणी खरेदीदाराकडे परत गेली आणि कर्ज फिटले. चित्र जिथून निघाले तिथेच पोचले आणि पैसे ज्याचे होते त्याच्याकडे गेले. संग्रहाची निर्माती असलेल्या लार्वा लॅब्ज या संस्थेने जाहीर खुलासा करून ही विक्री आपल्या आकडेवारीतून वगळली.

या साऱ्या प्रकरणात ब्लॉकचेनवर एक अक्षरही खोटे लिहिले गेले नव्हते. रक्कम खरी होती, वेळ खरी होती, दोन्ही पत्ते खरे होते. खोटी होती ती त्या नोंदीवरून वाचणाऱ्याने केलेली समजूत, की कोणीतरी या चित्रासाठी ५३ कोटी डॉलर मोजले.

‘ब्लॉकचेन खोटे बोलत नाही’ हे वाक्य विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्यांत हल्ली वारंवार आढळते. ते बरोबर आहे. पण त्यातून जो अर्थ काढला जातो तो चुकीचा आहे. नोंद बदलता न येणे हा एक गुण आहे आणि नोंदीमागचा व्यवहार खरा असणे ही वेगळीच गोष्ट आहे. या दोहोंची गल्लत जोवर होत राहील, तोवर डिजिटल संग्राह्य वस्तूंच्या उलाढालीचे आकडे विज्ञानाच्या नावाखाली जाहिरातीचे काम करत राहतील.

▪ नोंद, मालकी आणि मागणी

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा भेद नव्याने शिकवावा लागत नाही. सातबारा उतारा ही महसुली नोंद आहे. फेरफार झाला म्हणून मालकी हक्क आपोआप सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा स्पष्ट केले आहे. उताऱ्यावर नाव एकाचे, कसणारा दुसरा आणि पैसा तिसऱ्याचा, अशी उदाहरणे गावोगाव सापडतात.

ब्लॉकचेनची गोष्ट याहून वेगळी नाही. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रांची पडताळणी पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या आधारे करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. पॉलिगॉन हे भारतीय तरुणांनीच उभारलेले जाळे. प्रमाणपत्र दिल्यानंतर त्यात कोणी खाडाखोड केली तर ती तिथे तत्काळ उघडी पडते आणि हा लाभ मोठा आहे. मात्र प्रमाणपत्र देण्यापूर्वीची चौकशी नीट झाली होती की नाही, याचे उत्तर ब्लॉकचेनकडे नसते. ते काम तहसील कार्यालयातील माणसालाच करावे लागते.

डिजिटल संग्राह्य वस्तूंच्या, म्हणजे एनएफटीच्या बाजाराकडे पाहताना म्हणूनच तीन थर वेगळे करायला हवेत. पहिला थर नोंदीचा: अमुक क्रमांकाचे टोकन अमुक पत्त्यावरून तमुक पत्त्यावर गेले का? दुसरा थर मालकीचा: त्या दोन पत्त्यांमागे खरोखर दोन वेगळी माणसे होती का? तिसरा थर मागणीचा: घेणाऱ्याने ती वस्तू हवी म्हणून घेतली, की अन्य कुठल्या लाभासाठी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ब्लॉकचेन निर्विवादपणे देते. दुसऱ्याचे उत्तर अंशतः मिळते, तेही चिकाटीने शोधल्यास. तिसऱ्याचे उत्तर ब्लॉकचेनवर लिहिलेलेच नसते. त्याचा केवळ अंदाज बांधता येतो. बातम्यांत मात्र पहिल्या थराची बेरीज करून ती तिसऱ्या थराचा पुरावा म्हणून मांडली जाते. सारा घोळ इथे आहे.

▪ लुटुपुटूच्या सौद्याचे अर्थशास्त्र

आपलीच वस्तू आपणच विकत घेण्याच्या या प्रकाराला ‘वॉश ट्रेडिंग’ म्हणतात. मराठीत त्याला लुटुपुटूचा सौदा म्हणणे शोभेल. लिलावात आपलाच माणूस गर्दीत उभा करून बोली चढवत नेणे ही युक्ती बाजाराइतकीच जुनी आहे. अमेरिकेत वायदे बाजारातील असे सौदे १९३६ च्या कायद्याने निषिद्ध ठरवले. भारतात २००१ च्या केतन पारेख प्रकरणामुळे ‘सर्क्युलर ट्रेडिंग’ हा शब्द चर्चेत आला. त्यात काही निवडक समभाग ठरावीक हातांतच फिरत राहून त्यांचे भाव चढत गेले होते.

ब्लॉकचेनवर ही युक्ती दोन कारणांनी स्वस्त झाली. एक म्हणजे नवे वॉलेट उघडायला ओळखपत्र लागत नाही आणि खर्चही येत नाही. एकच व्यक्ती एका दुपारी शंभर ‘खरेदीदार’ निर्माण करू शकते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. काही बाजारपेठांनी उलाढालीलाच बक्षीस लावले.

१० जानेवारी २०२२ रोजी ‘लुक्सरेअर’ ही बाजारपेठ सुरू झाली. तिथे दिवसभरातील एकूण उलाढालीत ज्याचा जितका वाटा, त्या प्रमाणात त्याला ‘लुक्स’ नावाचे टोकन मिळे. परिणाम काय झाला, हे साध्या गणिताने समजते. एखाद्याने आपले टोकन आपल्याच दुसऱ्या वॉलेटला १०० इथरना विकले, तर बाजारपेठेचे २ टक्के शुल्क म्हणून त्याचे २ इथर खर्च होतात. कलावंताची रॉयल्टी ५ टक्के असेल, तर आणखी ५ इथर जातात. उरलेली रक्कम त्याच्याच दुसऱ्या खिशात पडते. असे दहा वेळा केले की उलाढालीच्या फलकावर १,००० इथर झळकतात. रॉयल्टी नसेल तर खर्च सुमारे २० इथर आणि जाळ्याचे किरकोळ गॅस शुल्क. बक्षिसाच्या टोकनची किंमत २० इथरहून जास्त असली की हा उद्योग फायद्याचा ठरतो. लुटुपुटूचे सौदे मीबिट्स आणि टेराफॉर्म्स यांसारख्या शून्य रॉयल्टीच्या संग्रहांतच दाटीने का झाले, याचे उत्तर या हिशेबात आहे. चित्र सुंदर आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. रॉयल्टी नाही, हेच त्याचे सौंदर्य.

बक्षीस वाट्यानुसार असल्यामुळे शर्यतही लागली. शेजाऱ्याने आकडा फुगवला की आपला वाटा टिकवण्यासाठी आपलाही आकडा फुगवणे भाग पडे. क्रिप्टोस्लॅम या आकडेवारी गोळा करणाऱ्या संकेतस्थळाने पहिल्या काही आठवड्यांतच लुक्सरेअरवरील ८०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचे व्यवहार लुटुपुटूचे म्हणून बाजूला काढले. त्याच महिन्यात ‘एनएफटी बाजाराची विक्रमी झेप’ असे मथळे जगभर छापले जात होते.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. या खेळात सगळ्यांनाच फायदा झाला असेही नाही. चेनॅलिसिस या विश्लेषण संस्थेने २०२१ च्या व्यवहारांचा माग काढताना असे २६२ वापरकर्ते शोधले, ज्यांनी स्वतःच पैसे पुरवलेल्या पत्त्यांना २५ हून अधिक वेळा एनएफटी विकले होते. त्यांपैकी ११० जणांनी मिळून सुमारे ८९ लाख डॉलरचा नफा कमावला. उरलेल्या १५२ जणांना मिळून सुमारे ४ लाख १७ हजार डॉलरचा तोटा झाला, कारण गॅस शुल्कानेच त्यांची कमाई खाल्ली. ज्यांना नफा झाला त्यांचा पैसा आला कुठून? फुगवलेल्या भावाला भुलून शेवटी ज्याने खरोखर पैसे मोजले, त्या अनोळखी ग्राहकाकडून. लुटुपुटूच्या सौद्यांच्या रांगेत कुठेतरी एक खरा माणूस उभा असतो आणि नुकसान त्याचेच होते.

▪ माग काढण्याच्या चार कसोट्या

ब्लॉकचेनच्या विद्याचे, म्हणजे डेटाचे, खरे वैभव याच ठिकाणी दिसते. ईआरसी-७२१ या मानकानुसार प्रत्येक हस्तांतराची नोंद ठरावीक साच्यात होते: देणारा पत्ता, घेणारा पत्ता, टोकनचा क्रमांक. त्याला वेळ आणि रक्कम जोडली की प्रत्येक वस्तूचा संपूर्ण प्रवास कोणालाही पाहता येतो. ‘ड्यून’ या विश्लेषण-मंचावर हिल्डॉबी या टोपणनावाने काम करणाऱ्या विश्लेषकाने डिसेंबर २०२२ मध्ये इथेरियमवरील व्यवहारांना चार सोप्या कसोट्या लावल्या.

पहिली कसोटी: खरेदीदार आणि विक्रेता यांचा पत्ता एकच आहे का? हे सर्वांत भाबडे रूप. दुसरी: एकच टोकन ‘अ’कडून ‘ब’कडे आणि पुन्हा ‘ब’कडून ‘अ’कडे गेले आहे का? तिसरी: एकाच पत्त्याने तेच टोकन तीन किंवा अधिक वेळा विकत घेतले आहे का? चौथी आणि सर्वांत भेदक: दोन्ही पत्त्यांना सुरुवातीचे पैसे एकाच वॉलेटमधून मिळाले आहेत का? नवे वॉलेट रिकामे असते. व्यवहार करायचा तर त्यात कुठून तरी पहिले इथर यावे लागते. माणूस नाव लपवू शकतो, पण ही नाळ लपवणे कठीण जाते.

या कसोट्यांना इतर साधनांची जोड देता येते. पत्ते म्हणजे बिंदू आणि हस्तांतरे म्हणजे बाण मानले की एक आलेख तयार होतो. टोकन ज्या बिंदूपासून निघाले तिथेच परतणारी बंद वर्तुळे आलेख-सिद्धांताच्या पद्धतींनी शोधता येतात. त्या काळात संग्रहातील स्वस्तात स्वस्त वस्तू, म्हणजे ‘फ्लोअर प्राइस’, काय होती आणि हा सौदा तिच्या किती पट झाला, हे पाहता येते. घेतल्यानंतर वस्तू किती काळ हाती राहिली, मिनिटे की महिने, हेही पाहता येते. जोखीम खरोखर हस्तांतरित झाली असेल तर ती काळात उमटते.

मात्र कसोटी म्हणजे निकाल नव्हे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. चौथी कसोटीच पाहा. एखाद्या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या एकाच वॉलेटमधून हजारो असंबद्ध ग्राहकांना इथर मिळत असते. हे लक्षात न घेता कसोटी लावली तर एकाच बँकेच्या एटीएममधून पैसे काढणारे सगळे एकमेकांचे भागीदार ठरतील. दुसऱ्या कसोटीचेही तसेच. विकलेली वस्तू पश्चात्तापाने परत घेणारा संग्राहक किंवा आपलीच जुनी निर्मिती पुन्हा मिळवणारा कलावंत यांचे सौदे खरे असूनही संशयित ठरू शकतात. ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४७ लाख एनएफटींचे ६१ लाख व्यवहार तपासले गेले. त्यात वरच्या १० टक्के व्यापाऱ्यांनी ८५ टक्के व्यवहार केल्याचे आढळले. जिथे तेच ते लोक वारंवार भेटतात, अशा लहानशा गावासारख्या बाजारात एखादी वस्तू फिरून जुन्या मालकाकडे येणे निव्वळ योगायोगही असू शकतो.

उलट बाजूही आहे. कसोट्या जाहीर झाल्या की लबाड माणूस त्या टाळायला शिकतो. दोनऐवजी दहा वॉलेटांचे वर्तुळ करणे, प्रत्येकात वेगळ्या मार्गाने पैसे घालणे, तीनऐवजी दोनदाच खरेदी करणे अशा पळवाटा निघतात. त्यामुळे या चाळणीतून निघालेला आकडा बहुधा खालची मर्यादा दाखवतो. ‘इतके तरी खोटे आहे’ असे तो सांगतो. ‘उरलेले सारे खरे आहे’ असे सांगत नाही.

संख्याशास्त्रातील बेनफर्डच्या नियमाचेही असेच. नैसर्गिकपणे साठलेल्या अनेक आकडेवाऱ्यांत पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३०.१ टक्के, तर ९ असण्याचे सुमारे ४.६ टक्के असते. क्रिप्टो एक्स्चेंजांवरील नेहमीच्या चलनांच्या उलाढालीला हा नियम आणि इतर संख्याशास्त्रीय चाचण्या लावून लिन विल्यम काँग आणि सहकाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला, की अनियंत्रित एक्स्चेंजांवर सरासरी ७० टक्क्यांहून अधिक उलाढाल लुटुपुटूची होती. पण हाच नियम एखाद्या एकाच एनएफटी संग्रहाला आंधळेपणाने लावला तर फसगत होईल. ज्या संग्रहातील प्रत्येक वस्तू ०.०८ इथर या ठरावीक किमतीला विक्रीस आली, त्याच्या आकडेवारीत ८ या अंकाची गर्दी होणारच. त्यात लबाडी काहीच नाही. नियम कुठे लागू होतो हे न पाहता तो वापरणे हीदेखील एक प्रकारची धूळफेकच.

▪ २ टक्के की ५८ टक्के?

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहू. फॉन वाख्टर आणि सहकाऱ्यांनी इथेरियमवरील ५२ संग्रहांचा अभ्यास करून असे मांडले, की ३.९३ टक्के पत्ते संशयास्पद आहेत आणि त्यांनी केलेले व्यवहार एकूण विक्री-व्यवहारांच्या २.०४ टक्के आहेत. हिल्डॉबीच्या विश्लेषणानुसार २०२२ मध्ये इथेरियमवरील एनएफटी उलाढालीचा ५८ टक्के भाग लुटुपुटूचा होता आणि त्या वर्षीच्या जानेवारीत तर ८० टक्क्यांहून अधिक. एक म्हणतो दोन टक्के, दुसरा म्हणतो अठ्ठावन्न. मग कोणावर विश्वास ठेवायचा?

दोघांवरही ठेवता येतो, कारण त्यांनी एकच गोष्ट मोजलेली नाही. पहिल्या अभ्यासाने व्यवहारांची संख्या मोजली, दुसऱ्याने रक्कम. पहिल्याने निवडक ५२ संग्रह घेतले, दुसऱ्याने सारी बाजारपेठ. पहिल्याचा विदा लुक्सरेअर सुरू होण्यापूर्वीचा, दुसऱ्याचा त्यानंतरचा. लुटुपुटूचे सौदे संख्येने थोडे आणि रकमेने अवाढव्य असतात. कारण खोटा आकडा लिहिताना तो छोटा लिहिण्याचे काही कारणच नसते. शंभर माणसांनी प्रत्येकी एका इथरची खरी खरेदी केली आणि दोन वेळा कोणीतरी स्वतःलाच १०० इथरना वस्तू विकली, तर संख्येच्या हिशेबात खोटेपणा दोन टक्क्यांच्या आत राहतो आणि रकमेच्या हिशेबात तो दोन-तृतीयांश होतो.

या साध्या उदाहरणातून एक कठोर निष्कर्ष निघतो. ‘किती टक्के बाजार खोटा आहे’ हा प्रश्न, मोजमापाचे एकक आणि काळ सांगितल्याशिवाय, अर्थहीन आहे. एनएफटीचे समर्थक सोयीने पहिला आकडा सांगतात, विरोधक सोयीने दुसरा. दोघेही खोटे बोलत नाहीत आणि दोघेही पूर्ण खरे सांगत नाहीत.

▪ मालक वेगळे, मागणी उसनी

याहून अवघड प्रकरण पुढे आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ब्लर’ ही बाजारपेठ सुरू झाली. तिने व्यापार आणि बोली यांना गुण दिले आणि १४ फेब्रुवारी २०२३ रोजी त्या गुणांच्या बदल्यात आपले टोकन वाटायला सुरुवात केली. उलाढाल झपाट्याने वाढली. त्याच महिन्यात क्रिप्टोस्लॅमने ब्लरवरील सुमारे ५७ कोटी ७० लाख डॉलरचे व्यवहार आपल्या आकडेवारीतून काढून टाकण्याचा निर्णय घेतला.

या निर्णयावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. लुक्सरेअरवर दोन्ही बाजूंना एकच माणूस उभा असे. ब्लरवर पुष्कळदा खरोखर दोन वेगळी माणसे होती. मालकी बदलत होती, भाव पडला तर तोटाही सोसावा लागत होता. पण दोघांपैकी कोणालाच त्या वस्तूशी देणेघेणे नव्हते; दोघेही गुणांसाठी खेळत होते. मालकीच्या थरावर असा सौदा खरा आणि मागणीच्या थरावर पोकळ ठरतो. त्याला लुटुपुटूचा म्हणणे अन्यायाचे होईल आणि त्याची बेरीज करून ‘लोकांना ही कला हवी आहे’ असे म्हणणे दिशाभूल होईल.

अशा वेळी खरा-खोटा अशी दोनच खोकी ठेवणे सोडून द्यावे लागते. बक्षीस बंद झाल्यावर किती उलाढाल उरते, हीच अधिक प्रामाणिक चाचणी आहे. सवलतीच्या दिवसांत दुकानात लोटलेली गर्दी नंतर महिनाभराने किती टिकली, हे पाहूनच दुकानदार गिऱ्हाईक मोजतो. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅपगॅम्बलच्या पाहणीत तपासलेल्या ७३,२५७ संग्रहांपैकी ६९,७९५ संग्रहांचे बाजारमूल्य शून्य इथर आढळले. विक्रमी उलाढालीच्या मथळ्यांनंतर दोन वर्षांच्या आतच ही स्थिती आली.

▪ भारतात हा प्रश्न कोणाचा?

भारतापुरते बोलायचे तर कायद्याने या बाजाराची दखल घेतली आहे, पण ती कराच्या दृष्टीने. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरातील उत्पन्नावर ३० टक्के कर लागू झाला, १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेवर १ टक्का कर मुळातून कापला जाऊ लागला आणि एनएफटीचाही या व्याख्येत समावेश झाला. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहारातील नफ्यातून वजा करण्याची मुभा नाही. याचा अर्थ फुगवलेल्या भावाला भुलून एखाद्या तरुणाने एनएफटी घेतले आणि ते मातीमोल झाले, तर तो तोटा त्याने पूर्ण सोसायचा. आणि दुसरीकडे चार पैसे मिळाले तर त्यावर पूर्ण कर भरायचा. खोट्या आकड्याची किंमत इथे इतर देशांहून जड पडते.

फसवणुकीच्या दृष्टीने मात्र पोकळी आहे. मालकी बदलण्याचा हेतू नसलेले सौदे सेबीच्या २००३ च्या विनियमांनी निषिद्ध केले आहेत, पण ते रोख्यांच्या बाजारापुरते. डिजिटल संग्राह्य वस्तूंना ते थेट लागू होत नाहीत. मार्च २०२३ मध्ये क्रिप्टो सेवा देणाऱ्या संस्था काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या, त्यामुळे पत्त्यामागची ओळख काही प्रमाणात यंत्रणांच्या हाती आली. जाहिरातींत ‘हे उत्पादन अनियंत्रित आणि अत्यंत जोखमीचे असू शकते’ असा इशारा देणे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२२ मध्ये आवश्यक ठरवले. इशाऱ्याने धोका सांगितला. आकडा कसा वाचावा, हे सांगायचे राहून गेले.

येथे शेअर बाजार आणि ब्लॉकचेन यांच्यातील एक विलक्षण उलटापालट ध्यानात घ्यावी. शेअर बाजारात कोणी कोणाला विकले हे नियामकाला पॅन क्रमांकासह दिसते; जनतेला दिसतो तो फक्त भाव आणि नग. ब्लॉकचेनवर जनतेला सारे काही दिसते, फक्त नाव दिसत नाही. पहिल्या व्यवस्थेत राखणदारी नियामकाची असते. दुसऱ्या व्यवस्थेत ती आपसूक वाचकावर, पत्रकारावर आणि संशोधकावर येऊन पडते. विदा खुला आहे म्हणून बाजार स्वच्छ होत नाही. तो कोणीतरी उघडून वाचतो, तेव्हा काही अंशी होतो.

म्हणून एनएफटीच्या उलाढालीची बातमी देणाऱ्या प्रत्येकाकडे भारतीय वाचकाने चार गोष्टी मागाव्यात:

१. कच्चा आकडा आणि चाळलेला आकडा, दोन्ही शेजारी शेजारी.
२. चाळणीचे नियम: कोणत्या कसोट्या लावल्या, ‘तीनदा’ की ‘पाचदा’ अशा मर्यादा कुठे ठेवल्या आणि एक्स्चेंजची वॉलेट कशी वगळली.
३. रकमेबरोबरच व्यवहारांची संख्या आणि पैशाचा स्रोत पाहून मोजलेल्या स्वतंत्र खरेदीदारांची संख्या.
४. त्या काळात उलाढालीवर काही बक्षीस होते का, आणि ते थांबल्यावर काय उरले.

यातली एकही मागणी अवाजवी नाही. रसायनशास्त्राचा निबंध नमुना कसा घेतला हे सांगितल्याशिवाय छापला जात नाही, मतदानपूर्व चाचणी नमुन्याचा आकार सांगितल्याशिवाय गांभीर्याने घेतली जात नाही. मग अब्जावधी रुपयांच्या बाजाराचा आकडा पद्धत न सांगता बातमीचा मथळा का व्हावा?

देशातील अभियांत्रिकी, संख्याशास्त्र आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तर ही चालून आलेली प्रयोगशाळा आहे. या विद्यासाठी परवानगी लागत नाही, शुल्क लागत नाही, परदेशी प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. एक संग्रह निवडावा, त्याची हस्तांतरे उतरवून घ्यावीत, चार कसोट्या लावाव्यात, मग त्या कसोट्या कुठे चुकतात ते शोधावे. दुसऱ्या कोणी काढलेला आकडा स्वतः पुन्हा काढून पाहावा. निष्कर्ष जुळला तरी शिकायला मिळेल आणि न जुळला तर अधिकच मिळेल. बाजार खोटा आहे असे आधीच ठरवून बसणारा आणि ब्लॉकचेनवर आहे म्हणजे खरेच असणार असे मानणारा, दोघेही मोजायचे टाळत असतात.

क्रिप्टोपंक ९९९८ ची ती नोंद आजही इथेरियमवर आहे. ती कोणी पुसू शकत नाही, बदलू शकत नाही. १,२४,४५७ इथर हा आकडा तिथे कायमचा कोरलेला राहील. तो वाचून थक्क व्हायचे, की त्या रकमेचा पुढचा प्रवास तपासायचा, हे मात्र नोंद ठरवत नाही. ते वाचणाऱ्याने ठरवायचे असते.

#ब्लॉकचेन #एनएफटी #विदाविज्ञान #विज्ञानवार्ता